उजेडातले पट्टे

केझायाचे पत्र मागच्या ईस्टरच्या सुमारास आले. मी त्याला उत्तर दिले नाही. द्यायचे नव्हते असे मुळीच नाही. पण लिहायला बसलो की पहिल्याच ओळीला वाटे, हे आपल्याकडून नीट व्हायचे नाही. एकदा सुरुवात प्रवचनासारखी झाली. एकदा फारच रुक्ष. एकदा मजकूर बरा साधला होता, पण सकाळी वाचून पाहिला तर त्यात मीच जास्त दिसत होतो. तो कागद मी विस्तवात टाकला.

पत्र लहानसे होते. केझाया ही आमच्या नॉलकोमच्या हेप्सी मोगरची मुलगी. लग्न होऊन ब्रिस्टलला गेली, नवरा पिंपे बनवतो. तिचा मुलगा सायलस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर लागला आहे. तिथे आमच्या बाजूच्या कोणीतरी चारचौघांत सांगितले की नॉलकोमच्या माणसांना एकदा घोड्यांसारखे गाड्याला जुंपले होते आणि याची आजी सगळ्यांत पुढे होती. पेढीवर खूप हसले म्हणे. 'काका,' केझायाने लिहिले होते, 'मी तेव्हा अगदी लहान होते. आई यातले कधी बोलली नाही, आणि आता ती नाही. सायलसने आजीचे नाव घेणे सोडले आहे. तुम्ही तिथे होतात. जे घडले ते लिहून कळवा. खोटे गोड नको.'

त्या शेवटच्या तीन शब्दांची मला धास्ती वाटत होती. मी आमच्या चर्चचा कारकून. जन्म, लग्ने आणि मृत्यू वहीत उतरवायचे, रविवारी स्तोत्र सुरू करून द्यायचे, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रे लिहायची. दुसऱ्यांची पत्रे लिहिताना हात कधी अडला नाही. स्वतःच्या नावाने लिहायचे म्हटले की अडतो.

मग गेल्या आठवड्यात कालव्याची मोजणी करणारा एक तरुण आमच्या घळीत भेटला. आता कोळसा पाण्यावरून जाणार आहे. त्याने खडकाच्या दोन्ही भिंतींवरून हात फिरवला आणि विचारले, "आजोबा, ही वाट एवढी रुंद कोणी कापली? एखाद्या खाणमालकानं?"

"नाही," मी म्हणालो, आणि मग काय झाले कोण जाणे, उभ्या उभ्या त्याला सगळे सांगितले. त्याच्या माणसांनी मोजणीच्या साखळ्या गुंडाळून ठेवल्या तरी मी बोलतच होतो. शेवटी त्याने नकाशावर घळीचे नाव लिहायला घेतले आणि लिहिण्याआधी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. समोर मी एकटाच होतो, आणि ती टोपी माझ्यासाठी काढलेली नव्हती एवढे मला कळले.

घरी येताना वाटले, परक्या माणसाला सांगता आले, तर केझायाला लिहिता का येऊ नये? दुपारीच टेबलाशी बसलो. जसे त्याला सांगितले तसेच लिहिले. ते असे.

आमचा कोळसा डोंगरावर, आणि त्याचे गिऱ्हाईक खाली मेलबरी गावात. मधे एक घळ आणि एक मोठा रस्ता. पिढ्यानपिढ्या कोळसा तट्टांच्या पाठीवरून गेला. एका तट्टावर दोन पोती, सहा-सात तट्टांमागे एक वाहणारा. हेप्सीचा नवरा जेथ्रो खाणीत दगडाखाली गेला, त्यानंतर तिने तट्टे घेतली आणि पुरुषांच्या बरोबरीने वाहतूक केली. उंच, हाडापेराने मोठी बाई. आवाज असा की ती घळीच्या तोंडाशी तट्टावर ओरडली की आमच्या चर्चमध्ये मला कळे, आता कोणत्या तट्टाने आडवा पाय टाकला.

मेलबरीत कोळसा विकण्याची एक रीत होती. सेंट मायकेलच्या जत्रेच्या दिवशी वाहणारे गावात शिरत आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर कोळशाचा एक चांगला खडा ठेवत. घरच्या बाईने तो उचलून आत नेला की ते घर हिवाळाभर तुमचे. दुपारची घंटा झाली तरी खडा बाहेरच असला, तर तो मुकाट्याने उचलून पुढे जायचे. त्या एका दिवशी सगळ्या हिवाळ्याचे ठरे.

मग मोठ्या रस्त्याची देखभाल करून टोल घेणारा साहेब लोकांचा ट्रस्ट आला, आणि घळीच्या खालच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर नाका बसला. पांढरे फाटक, शेजारी नाकेदार चिव्हर्सचे आठ कोनांचे घर, आणि भिंतीवर दराची मोठी फळी. टोल दर जनावरामागे. आता कोळसा ही वस्तू वजनाला जड आणि भावाला हलकी. रेशमाचा व्यापारी टोल देऊन हसत पुढे जातो. आमच्या पोत्यातला नफा मात्र फाटकातच गळून पडायचा. बॉनहॅम साहेबांच्या मोठ्या खाणीचा कोळसा चार घोड्यांच्या गाड्यांतून यायचा. त्यांच्या चाकांची रुंदी वीतभर. असली चाके रस्ता दाबून सपाट करतात म्हणून त्यांना टोल निम्मा. एका गाड्यात आमच्या तट्टांच्या रांगाच्या रांगा मावल्या असत्या.

दोन जत्रा अशा गेल्या. आमचे खडे उंबऱ्यावर राहू लागले. घरोघरची तट्टे विकली गेली. खाणीच्या मालकिणीने, ती बिचारी म्हातारी होती, सांगून टाकले की या हिवाळ्यात घरे मिळाली नाहीत तर खाणीत पाणी भरू देईन, उपसायला पैसा नाही. म्हणजे सगळे गाव बॉनहॅमच्या दारात उभे राहणार, किंवा वाट फुटेल तिकडे जाणार.

"मग आपणही गाडा करू," हेप्सी म्हणाली. खाणीच्या तोंडाशी सगळे जमले होते.

ओबी पॅडफील्ड हा खाणीतला सगळ्यांत जुना माणूस. तो थुंकला. "नॉलकोममध्ये आजवर चाक आलं नाही, बाई."

"आलं कसं नाही? तुझ्या डोक्यात फिरतंय की एक, सारखं त्याच जागी."

सगळे हसले, ओबीही हसला, आणि गाडा करायचा ठरला. कुणी पैसा घातला, कुणी तट्टू विकून आलेले घातले, कुणी ओकचे खोड दिले. गिडियन टोवी आमचा सुतार; त्याने आयुष्यात चाक केले नव्हते. तो मेलबरीला जाऊन बॉनहॅमच्या गाड्याखाली आडवा पडून माप घेऊन आला. उन्हाळ्याच्या तोंडाशी गाडा तयार झाला. वीतभर रुंद चाके, निळा रंग. आम्ही सगळे पोरांसारखे त्याच्याभोवती फिरलो. मग चार तट्टे जोडून तो घळीशी आणला.

घळ आमच्याच तट्टांच्या खुरांनी कोरली गेलेली. दोन पोत्यांचे तट्टू जाईल एवढीच रुंद, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच खडक. आमचा सुंदर निळा गाडा तिच्या तोंडाशी बूच बसावे तसा बसला.

"टोवी!" ओबी ओरडला.

"माझ्यावर काय ओरडतोस? मला गाडा सांगितला होतात. वाट सांगितली नव्हतीत."

हसू नकोस. ज्या गावाने चाकच पाहिले नाही, त्याला रुंदी कशी सुचणार? मीही त्या गाड्याच्या हिशेबाचा कागद लिहिला होता, आणि मलाही सुचली नाही. मेलबरीत ही गोष्ट दुसऱ्याच दिवशी पोचली. बॉनहॅमचे गाडीवान आम्हाला विचारत, "काय रे, गाडा खाली केव्हा आणणार? का डोंगरच खाली आणताय?"

"डोंगरच आणतो," हेप्सीने एकाला सांगितले.

आणि तसेच केले. रोज खाणीतली पाळी संपली की माणसे कुदळी-पहारी घेऊन घळीत यायची आणि दिसेनासे होईपर्यंत खडक फोडायची. बाया आणि म्हातारे दगड वाहायचे. खडक कापणे त्यांना नवे नव्हते. उजेडात कापणे नवे होते. मी पाहिले आहे, सुरुवातीचे काही दिवस ते डोळे बारीक करून, जरा वाकूनच काम करत, डोक्यावर आभाळ असूनसुद्धा. जत्रेच्या आदल्या दिवशी शेवटचा कंगोरा उडाला.

आता पट्ट्याचे सांगायला हवे, केझाया, कारण तुझ्या मुलाला हसले ते त्यावरूनच. आमच्या खाणीतले बोगदे एवढे बुटके की आत तट्टू शिरत नाही. तिथे माणूस कमरेला दोराचा जाड पट्टा बांधतो. पट्ट्याची साखळी दोन पायांमधून मागे जाते आणि कोळशाच्या घसरगाडीला अडकते. मग तो हातापायांवर रांगत ती ओढतो. पट्टा कातडी सोलतो. आमची माणसे घरी विस्तवापुढे अंग धुवायची तेव्हा मुलांना बाहेर पाठवत. पट्टा खाणीच्या तोंडाशी खुंटीला टांगायचा, घरात आणायचा नाही, त्याचे नाव काढायचे नाही, अशी रीत होती. नॉलकोममध्ये एकच पट्टा घरात होता. जेथ्रो गेला तेव्हा सोबत्यांनी त्याचा पट्टा हेप्सीला आणून दिला. तो तुझ्या पाळण्यावरच्या खिळ्याला होता. तुला तो आठवणार नाही.

जत्रेच्या सकाळी गाडा काठोकाठ भरला. पुढे तट्टे जोडली. घरटी एक तरी तट्टू असलेच पाहिजे असा प्रत्येकाचा हट्ट, त्यामुळे उरलेली सगळीच जोडली गेली. पण घळीचा उतार तीव्र. भरलेला गाडा तट्टांच्या अंगावर गेला असता. म्हणून खाणीच्या रहाटाचा दोर गाड्याच्या मागे बांधला, माणसांनी पट्टे कमरेला घातले, साखळ्या दोराला अडकवल्या, आणि मागे रेलून गाडा तोलत तोलत खाली उतरवला. हेप्सीनेही जेथ्रोचा पट्टा बांधला होता. घळीत बघणारे कोणी नव्हते. मोठा रस्ता दिसताच सगळ्यांनी पट्टे सोडले, गाड्यात कोळशावर टाकले आणि वर गोणपाट पसरले.

चिव्हर्स फाटकाशी उभा होता. स्वभावाने वाईट नव्हता. ट्रस्टचे साहेब लोक मागे लागत म्हणून घाबरट झाला होता. त्याने लोखंडी माप चाकाला लावून पाहिले.

"चाकं बरोबर आहेत," तो म्हणाला. "पण जनावरं फार झाली."

"किती चालतात?" हेप्सीने विचारले.

"रुंद चाकांना आठ. त्यापुढं एक जरी असलं तरी दंड आणि गाडा जप्त. मी नाही केलेला नियम, हेप्सीबाई."

"अरे, ही तट्टं आहेत. बॉनहॅमचा एक घोडा म्हणजे आमची तीन."

"नियमात जनावर म्हणजे जनावर. त्याची उंची नाही लिहिलेली."

जास्तीची तट्टे सोडली. राहिलेल्या आठांनी जीव तोडून ओढले. मेलबरी डोंगराखाली असले तरी घळ त्याहून खोल उतरते; फाटकाच्या अलीकडूनच गावापर्यंत सारा चढ आहे. गाडा चाकभर पुढे गेला आणि तेवढाच मागे आला. एक तट्टू गुडघ्यावर बसले. ऊन वर चढत होते. बॉनहॅमचे दोन गाडे आमच्या बाजूने गेले, आणि त्यांच्या गाडीवानांनी आदबीने टोप्या उचलल्या. ते सगळ्यांत जास्त झोंबले.

"निम्मा कोळसा उतरवा," ओबी म्हणाला.

"निम्म्या कोळशावर निम्मी घरं," हेप्सी म्हणाली. "निम्म्या घरांवर खाण चालत नाही. तूच सांगतोस ना?"

ओबी बसलेल्या तट्टाला उठवायला गेला.

मी फळीसमोर उभा होतो. वाचता येणारा मीच एकटा, म्हणून मला बरोबर नेले होते. मी ती फळी पहिल्यापासून वाचली. ओढणारा प्रत्येक घोडा, घोडी, खेचर, गाढव, बैल, किंवा इतर कोणतेही जनावर. टोल गाड्याला नव्हताच, ओढणाऱ्या जनावराला होता. मी पुन्हा वाचले. मला वाटले, आपले काहीतरी चुकत असणार. एवढ्या मोठ्या साहेबांनी लिहिलेल्या फळीत अशी फट कशी राहील? तिसऱ्यांदा वाचून मी हेप्सीच्या बाहीला हात लावला आणि हळूच सांगितले.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

"माझा आवाज—"

"स्तोत्र सुरू करतोस तो आवाज काढ की, अँब्रोस!"

मी वाचले. संपल्यावर म्हणालो, "यात माणसाचं नाव नाही. माणसानं ओढलं तर टोल नाही, आणि किती माणसं तेही लिहिलेलं नाही."

कोणी आनंदाने ओरडेल असे मला वाटले होते. पण सगळ्यांची नजर गाड्यावरच्या गोणपाटाकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. मग माझ्या लक्षात आले, मी त्यांना काय करायला सांगितले होते ते.

ओबी हळू आवाजात बोलला. "खाली अंधारात आम्ही कसे रांगतो ते आमच्या पोरांनीसुद्धा पाहिलेलं नाही. आणि आज मेलबरीच्या भर बाजारात? जत्रेच्या दिवशी?"

"रांगायला कोण सांगतंय?" हेप्सी म्हणाली. "इथं छत कुठाय? ताठ उभं राहून ओढायचं."

तिने गोणपाट दूर केले, जेथ्रोचा पट्टा काढला आणि झग्यावरून बांधला. घाई नाही, काही नाही, रविवारी टोपीची नाडी बांधावी तशी. टोवीने तट्टे सोडली आणि रहाटाचा दोर मागून काढून गाड्याच्या पुढे बांधला. मग हेप्सी दोराच्या अगदी पुढच्या टोकाला गेली आणि साखळी अडकवून उभी राहिली. मागे वळून पाहिले नाही.

पहिला ओबीच गेला. मग बाकीचे, जोडीजोडीने. ज्या बायांना पट्टा नव्हता त्यांनी नुसताच दोर धरला. मी गाड्याच्या मागे खांदा लावला. माझ्या ढकलण्याने फार फरक पडला असेल असे नाही.

चिव्हर्स गोंधळून फाटकाला धरून उभा. "हे असं कसं चालेल? साहेब मला विचारतील. हेप्सीबाई, तुम्ही घोड्यासारखं ओढताय, म्हणजे मला... 'इतर जनावर' मध्ये..."

"लिही," ती म्हणाली. "तुझी वही आण आणि एकेकाचं नाव घालून लिही. हेप्झिबा मोगर, जनावर. ओबाडाया पॅडफील्ड, जनावर. खाली तुझी सही कर. मी ती वही घेऊन पाद्रीबुवांकडं जाते, आणि त्यांना विचारते की मला पाणी शिंपडून नाव दिलंत ते कशापायी."

चिव्हर्सने वही काखेत मारली, फाटक उघडले आणि ते वाऱ्याने परत येऊ नये म्हणून गाडा पार होईतो स्वतः धरून ठेवले.

गाडा हलला. पहिल्यांदा करकरला, मग चालू लागला. मी मागे असल्यामुळे मला त्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या. नॉलकोमची ती माणसे चालताना नेहमी जरा वाकून चालत. त्या चढावर ती पुढे झुकली होती, पण माना वर होत्या.

मेलबरीचा बाजार भरला होता. आम्ही शिरलो तसा बोलण्याचा आवाज बंद झाला. साखळ्यांचा तेवढा ऐकू येत होता. एका कापडाच्या दुकानातल्या बाईने ओरडून म्हटले, "आली बघा नॉलकोमची खेचरं!"

ओबी थांबला. टोपी काढली. "खेचरं टोल देतात, बाईसाहेब," तो म्हणाला. "आम्ही दिला नाही."

आधी लोहार हसला. तो आमच्याच कोळशावर वाढलेला. म्हणायचा, बॉनहॅमच्या कोळशाने लोखंड नुसते कोमट होते. तो ऐरण सोडून आला आणि पहिला खडा त्याने उंबऱ्यावर ठेवूही दिला नाही, हातातूनच घेतला. मग दारे उघडू लागली. आम्ही खडे ठेवत गेलो आणि पाठीमागे बाया ते उचलत गेल्या. सगळ्यांनी उचलले असे नाही. पण दुपारची घंटा झाली तेव्हा हेप्सीने परत उचललेले खडे तिच्या एका ओंजळीत मावले. कापडवाल्या बाईचा खडा त्यात नव्हता.

त्या हिवाळ्यात खाणीतले पाणी उपसले गेले. वसंतात ट्रस्टच्या साहेबांनी बैठक घेतली आणि डोंगराच्या कोळशावरचा टोल निम्मा केला. दर आठवड्याला माणसांनी ओढलेला गाडा फाटकातून फुकट जाणे त्यांना बरे दिसेना. मग आम्ही पुन्हा तट्टे जोडली. पण त्या दिवशी एक झाले ते झालेच. संध्याकाळी घरी परतताना कोणी पट्टा सोडला नाही. सगळे कपड्यांवरूनच तो बांधून गावात आले, आणि पोरांनी तो हात लावून पाहिला. तेव्हापासून सेंट मायकेलच्या जत्रेला आमचे पुरुष स्वच्छ धुतलेला पट्टा घालून जातात. कालवा झाल्यावरही जातील असे मला वाटते, पण माझे अंदाज बरेचदा चुकतात.

पत्राच्या शेवटी मी लिहिले: 'सायलसला सांग, पेढीवर सांगितलेली गोष्ट खरी आहे, फक्त एक शब्द चुकीचा आहे. कोणी जुंपले नव्हते. त्याची आजी सगळ्यांत पुढे होती हेही खरे आहे. फळी मी वाचली होती. ते वगळणार होतो, पण तू खोटे नको म्हणालीस. तिचा पट्टा माझ्यापाशी आहे. जाताना तिने तो चर्चमध्ये ठेवायला दिला होता. सायलसला हवा असेल तर त्याने स्वतः येऊन न्यावा. असल्या गोष्टी मी टपालाने पाठवणार नाही.'

कागद पुन्हा वाचला नाही. वाचला असता तर तोही विस्तवात गेला असता. घडी घातली, लाखेने बंद केला आणि घळीतून खाली चालत गेलो. फाटकाशी आता चिव्हर्सचा जावई असतो. पायी माणसाला टोल नाही. त्याने नुसती मान हलवली. मेलबरीच्या खानावळीत टपाल घेतात. तिथल्या बाईने पत्र हातात घेऊन वजन पाहिले.

"टपालाचे पैसे पत्र घेणाराच देईल ना, आजोबा? नेहमीसारखं?"

"नाही," मी म्हणालो. "तिच्या दाराशी कोणी पैसे मागायला नकोत. मी देतो."

तिने पैसे घेतले, पत्रावर शिक्का मारला आणि ते ब्रिस्टलच्या थैलीत टाकले.